दोघांचे चालणे, एकाचे लिहिणे

मराठी प्रवासवर्णन म्हणजे बहुतांशी दोघांच्या प्रवासाचे एकाने केलेले वर्णन, असे विधान केले तर ते अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. पण वाचकांनी आपल्या कपाटातली प्रवासवर्णने एकदा काढून पाहावीत. तिकिटे दोन असतात, मुक्कामाची खोली दोघांची असते, छायाचित्रात दोघे शेजारी उभे असतात, आणि मजकुरात पाहणारा मात्र एकच. दुसऱ्या व्यक्तीच्या वाट्याला 'सौ.', 'ही', 'आमचे हे' एवढी जागा येते. तिला सर्दी होते, तिची खरेदी लांबते, किंवा तो पासपोर्ट कुठे ठेवला ते विसरतो. वास्तू समोर आली, इतिहास सुरू झाला, की ही दुसरी व्यक्ती पानावरून अदृश्य होते. ती तिथे उभी राहून काय पाहत होती, हे आपल्याला कळत नाही.

प्रस्तुत लेखकद्वयाला हा प्रश्न पडला तो पुस्तकांमुळे नव्हे. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) येथे राहतो, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि दिवाळीनंतरच्या थंडीपासून साधारण शिमग्यापर्यंत सुटीचे दिवस आसपासची जुनी गावे पायी पाहण्यात घालवतो. शिमग्यानंतर आमच्याकडचे ऊन हौसेला जागा ठेवत नाही. कारंजा म्हटले की उर्वरित महाराष्ट्राला वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) आठवते, कारण ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. आमचे कारंजा नागपूर-अमरावती महामार्गावरचे. कंसातल्या 'घाडगे'वाचून त्याची ओळख पटत नाही. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. तो रुंद झाला तसे गाव अधिक वेगाने मागे पडू लागले. टोलनाका, चहा, संत्र्यांचे ढीग एवढेच गाडीतल्या माणसाला दिसते. संत्र्यांच्या बागांमधून जाणारी पांदण, पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई, ज्यांच्या पैदाशीसाठी आमच्याच तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्र आहे, कार नदीचे पात्र, हे सारे महामार्गापासून अर्ध्या तासाच्या चालण्यावर आहे. गरमसूरच्या डोंगराकडे मात्र आम्ही अलीकडे पायी जात नाही. बोरचा व्याघ्रप्रकल्प २०१४ साली झाला, वाघ काही त्याच्या सीमारेषा वाचून फिरत नाहीत, आणि आम्हाला पेन्शनपर्यंत पोहोचायचे आहे.

पायी फिरणाऱ्या जोडप्याला या भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पायी काहून जी? गाडी बिघडली का?" गाडी बिघडलेली नाही, गाव पाहायला आलो, हे उत्तर पुरेसे ठरत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो विचारला जातो तिला : "इकडे कोणाकडे?" स्त्रीने कुठे जायचे असेल तर कोणाकडे तरी जायचे असते. माहेरी, लेकीकडे, लग्नाला, मौतीला, देवदर्शनाला, वावरात. या यादीत 'उगाच' नावाचे ठिकाण नाही. नुसते पाहायला निघालेला पुरुष हा मास्तर, पत्रकार किंवा फार तर येडा असतो. नुसती पाहायला निघालेली बाई ही एक अडचण असते. नवरा सोबत असला की अडचण सुटते, कारण मग तिचे जाणे 'जोडीने' होते. हा शब्द आपण सत्यनारायणापासून चारधामापर्यंत वापरतो, आणि त्यात पुण्य दोघांना मिळते अशी सोय आहे. दृष्टी दोघांना मिळते की नाही, याबद्दल शब्द काही सांगत नाही.

जोडीने गेल्यावर पुढे काय होते, तर गाव दोन ठिकाणी विभागून भेटते. पारावर 'सरां'ना खुर्ची येते. त्यांना गावाचा इतिहास सांगितला जातो. त्यात एक राजा, एक लढाई आणि एक भुयार असते. विदर्भातल्या प्रत्येक गढीखालून निघून जवळच्या किल्ल्यात उघडणाऱ्या भुयारांची बेरीज केली तर त्यातून रेल्वे नेता येईल. 'मॅडम'ना दरम्यान आत नेले जाते. आत चहा होतो, आणि चहाबरोबर जे सांगितले जाते त्याला इतिहास म्हणायची पद्धत नाही.

एका गावातले उदाहरण देतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गढीचे वारस अजून तेथे आहेत आणि वाटणीचे भांडण चालू आहे. गढी जुन्या मालगुजारांची, पांढऱ्या मातीची. तिचा बराचसा भाग गावाने पिढ्यान्‌पिढ्या घरे सारवायला खणून नेलेला. एका उभ्या राहिलेल्या भिंतीत गुडघाभर उंचीवर लांबट अरुंद फटी होत्या. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की या जंग्या आहेत, बंदुकीसाठी ठेवलेल्या. बाहेरच्या अंगाला त्या उतरत्या आहेत, हा त्याचा पुरावा. आत बसलेल्या आजीबाईंनी दुसरीला सांगितले की त्या फटी बायांसाठी आहेत. या घरातल्या सुना वेशीबाहेर जात नसत. पोळ्याची बैलांची रांग, बाजार, वरात त्यांनी जमिनीवर बसून या फटींतून पाहायची. म्हणून फटी खाली आहेत; बंदूकवाला गुडघ्यावर बसेल, पण सून तर बसलेलीच असते. आजीबाईंच्या सासूने त्यांना हे सांगितले होते. आता यांतले खरे कोणते? दोन्ही असू शकते. पेंढाऱ्यांच्या काळात घातलेली जंगी पुढे शांततेच्या काळात खिडकी झाली, हेही अशक्य नाही. आम्ही घरी येऊन दोन्ही म्हणणी लिहून ठेवली, खाली कोणी सांगितले तेही लिहिले. पुढच्या पावसाळ्यात ती भिंत बसली. आज त्या जागी पांढऱ्या मातीचा ढीग आहे आणि त्या फटींबद्दल जगात असलेला मजकूर म्हणजे आमच्या वहीतली ती दोन म्हणणी. त्यांपैकी एकच लिहिले गेले असते तर ते कोणते लिहिले गेले असते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पायी फिरण्यात क्रमाचाही प्रश्न असतो, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. तळेगावहून उत्तरेकडे वळले की आष्टी लागते. आष्टीला जहांगीरकालीन सरदार मुहम्मद खान नियाझी याची कबर आहे. आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे त्याला जहागिरीत मिळालेले होते. तो १६२७ साली वारला, आणि त्याच्यावर मुघल धाटणीची घुमटाकार इमारत उभी राहिली. शेजारी त्याच्या वारसाची तशीच पण लहान इमारत आहे. याच आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली, आणि तेव्हापासून गाव 'शहीद आष्टी' म्हणून ओळखले जाते. आधी काय पाहायचे? एकाचे मत कालानुक्रमाचे : आधी १६२७, मग १९४२. एकीचे मत असे की गाव स्वतःला ज्या नावाने हाक मारते तिथून सुरुवात करावी. आधी कबर पाहिली तर स्मारक हे इतिहासाचे शेवटचे पान वाटते. आधी स्मारक पाहिले तर प्रश्न पडतो तो वेगळाच : या गावाने आपल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या जहागीरदाराची इमारत मनातून केव्हा वजा केली? आम्ही दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत दोन्ही क्रमांनी आष्टी चाललो आहोत, आणि ती दोन गावे आहेत असे आम्हां दोघांचेही मत आहे. एवढ्यावर आमचे एकमत होते.

जोडप्याच्या चालण्याची अशी कथा विदर्भाला नवी नाही. किंबहुना या भूमीतल्या मुलींची कीर्तीच मुळी त्या कोणाबरोबर निघून गेल्या यावर उभी आहे. लोपामुद्रा अगस्त्याबरोबर गेली, इंदुमती अजाबरोबर, रुक्मिणी कृष्णाबरोबर, दमयंती नळाबरोबर. पैकी नळ-दमयंतीचे जाणे खऱ्या अर्थाने पायी होते. द्यूतात राज्य गेल्यावर ती दोघे एका वस्त्रानिशी रानातून चालू लागतात, आणि वनपर्वातल्या त्या आख्यानात नळ थांबून तिला रस्ते दाखवतो : हे रस्ते अवंती आणि ऋक्षवान पर्वत ओलांडून दक्षिणेकडे जातात, हा विंध्य, ही पयोष्णी नदी, ही वाट विदर्भाकडे, ही कोसलाकडे. आमच्या प्रदेशाकडे येणाऱ्या वाटांचे एवढे तपशीलवार वर्णन प्राचीन वाङ्मयात क्वचितच असेल. वरवर पाहता हे भूगोलाचे टिपण आहे. पण दमयंती ते भूगोल म्हणून ऐकत नाही. तुम्ही मला पुन्हा पुन्हा माहेरची वाट का दाखवता आहात, असे ती विचारते. जायचेच तर दोघे मिळून जाऊ, असे सुचवते. नवरा निसर्ग आणि दिशा दाखवतो आहे, बायकोला त्यात आपल्याला सोडून जाण्याचा बेत दिसतो आहे, आणि तीच बरोबर आहे. त्या रात्री ती झोपेत असताना तो अर्धे वस्त्र फाडून निघून जातो. एकच वाट, दोघांनी एकाच वेळी पाहिलेली. पण महाभारतकाराने दोघांचेही पाहणे नोंदवले. आपल्या मराठी प्रवासवर्णनकाराच्या हाती हा प्रसंग पडता तर पयोष्णीचे बहारदार वर्णन झाले असते आणि 'सौ.' थकल्यामुळे लवकर झोपल्या असत्या.

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाचे सरकारी नाव 'नल-दमयंती सागर'. हे नाव सुचवणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्याचे आम्हाला कौतुक वाटते. आख्यानात वाटेवर ताटातूट झालेले जोडपे पाटबंधारे खात्याने एका जोडचिन्हाने कायमचे बांधून टाकले.

येथे मराठीच्या अभ्यासकांसाठी एक निरीक्षण. आपल्या आख्यानकाव्याची हौस स्वयंवरापर्यंतची आहे. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर', महदंबेचे 'धवळे', एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर', रघुनाथपंडितांचे 'नलदमयंतीस्वयंवर', अशी ही मालिका आहे. हंस येतो, पत्र जाते, हरण होते, लग्न लागते आणि काव्य संपते. चालणे तर त्यानंतर सुरू होते. एम.ए.च्या वर्गात नळ-दमयंती शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा वनवास बहुधा मालिकांमधून ठाऊक असतो.

आर्वीहून पश्चिमेला देऊरवाड्यापर्यंत गेले की समोर वर्धा नदी, आणि पलीकडच्या काठावर कौंडिण्यपूर. रुक्मिणीचे हे माहेर मानले जाते; अंबिकेच्या देवळातून कृष्णाने तिला नेले ते देऊळ तेथे दाखवतात. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा वस्तीचा इतिहास पार महापाषाणीय काळापर्यंत मागे गेला. वर्धा नदी ही पुढे वऱ्हाड आणि नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांच्यामधली सीमा झाली. म्हणून आमच्या बाजूला मालगुजार आणि त्या बाजूला देशमुख, अशी काठाकाठाने वस्ती बदलते. बोलीही थोडी बदलते, पण ती आमच्यापैकी वऱ्हाडात माहेर असलेल्या व्यक्तीलाच ऐकू येते. दुसऱ्याचा कान तेवढा तयार नाही.

कौंडिण्यपुराहून आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी जाते, आणि ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची मानली जाते. माहेराहून लेकीकडे निघालेली ही पालखी. लोककथेप्रमाणे रुक्मिणी रुसून दिंडीरवनात जाऊन बसली आणि तिच्या मागून तिला शोधत देव पंढरीला आला. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वांत मोठे तीर्थ हे एका जोडप्याच्या मागेपुढे चालण्यातून तयार झाले, असे म्हणता येईल. ती पुढे होती हे विशेष. आणि शोध लागल्यावरही दोघांची गर्भागृहे वेगळीच राहिली. सेवाग्रामला गेलेल्यांनी बापूकुटी आणि बाकुटी या शेजारशेजारच्या पण स्वतंत्र झोपड्या पाहिल्या असतील. आश्रमात येणारा बहुतेक पाहुणा बापूकुटीत बराच वेळ थांबतो आणि बाकुटी येताजाता पाहतो. आमच्यापैकी एकीने एका थंडीत हा क्रम उलटा करून पाहिला. १९३६ साली शेगावात आलेल्या त्या वृद्ध स्त्रीला आदिनिवासाच्या सामायिक छपरातून वेगळी कुटी का हवी होती, हा प्रश्न मनात ठेवून मग बापूकुटीत गेले तर ती साधेपणाची जागा थोडी वेगळी दिसते. ती कशी, हे प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकाच घटनेची दोन म्हणणी शेजारी ठेवण्याची रीत मराठीला परकी आहे का? तशी ती नाही. उलट मराठी गद्याचा जन्मच या रीतीतून झालेला आहे, आणि तो झाला तो आमच्यापासून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि रिद्धपुरातल्या वाजेश्वरीच्या ठिकाणी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आठवणी सांगणाऱ्यांत स्त्रिया होत्या, महदाइसेसारखी चौकस स्त्री होती. एकाच लीळेबद्दल दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर पोथीपरंपरेने तो फरक पुसून टाकला नाही. अमक्याचे म्हणणे असे, तमक्याचे म्हणणे असे, असा तो नोंदवून ठेवला. त्याच पंथाने पुढे 'स्थानपोथी' तयार केली. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, देऊळ कोणत्या तोंडाचे, ओटा कुठे, पाटीशाळा कोणत्या बाजूला, असे गावोगावचे वर्णन तीत आहे. प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके आता ढिगाने निघतात. मराठीत या प्रकारचा आरंभ सातशे वर्षांपूर्वीचा आहे. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली म्हणून ती आज आपल्याला वाचता येते.

आणि हे ग्रंथ आपण वर्गात कसे शिकवतो? 'आद्य गद्यग्रंथ' हे दोन शब्द, भाषेची पाच वैशिष्ट्ये, दोन टिपा. लीळाचरित्र हे चालणाऱ्या माणसाचे चरित्र आहे, त्यातल्या लीळा गावांच्या नावांनी बांधलेल्या आहेत, आणि त्यांतली काही गावे विद्यार्थ्यांच्या मामाची किंवा आत्याची आहेत, हे त्या टिपांत कुठे येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. दोन्ही गोष्टींचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण रिद्धपुराच्या रस्त्याने पायी चालत एकदा तरी राजमठापर्यंत गेलेला मराठीचा विद्यार्थी शंभरात किती सापडेल, याची आम्ही चौकशी करत नाही. उत्तर ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रवासवर्णन हा ललित प्रकार आहे; त्याला एक मन, एक सूर लागतो; साक्षीपुराव्यांची फाईल म्हणजे साहित्य नव्हे. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली ती पु. ल. देशपांडे यांच्या एकट्याच्या नजरेसाठीच. हे आम्हाला मान्य आहे. 'अपूर्वाई' दोघांनी लिहिली असती तर अधिक चांगली झाली असती, असा दावा आम्ही करत नाही. पण त्या सहजीवनाची दुसरी बाजू सुनीताबाईंच्या 'आहे मनोहर तरी'मधून वाचायला मिळाली ती १९९० साली, म्हणजे तीस वर्षांनी, आणि तेव्हा वाचकांपैकी अनेकांना धक्का बसला. आमच्या मते, त्या धक्क्याला मजकुराइतकीच या तीस वर्षांच्या एकसुरी वाचनाची सवयही कारणीभूत होती. उलटे उदाहरणही आहे. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त फिरस्ता नवरा आहे. रेव्हरंड टिळक न सांगता निघून जातात, गाव बदलतात, धर्म बदलतात. पण पाहणारी लक्ष्मीबाई आहे. आणि तरीही टिळकांची बाजू त्या पुस्तकात दबलेली नाही. लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावते, हसते, आणि त्यांना त्यांच्याच रीतीने बोलू देते. एक सूर ठेवूनही दुसऱ्याला जागा देता येते. त्यासाठी संगीतातली साथ कशी असते ते माहीत असावे लागते.

आक्षेपाचा दुसरा भाग असा की ललित लेखन एक गोष्ट आणि गावांची नोंद दुसरी. हा भेद विद्यापीठात सोयीचा आहे, पण आमच्याकडच्या गावांना तो परवडणारा नाही. पुरातत्त्व खात्याच्या पाटीखाली येणाऱ्या वास्तू हाताच्या बोटांवर मोजाव्यात. बाकीचे सारे, गढ्या, पायविहिरी, वेशी, समाध्या, वीरगळ, कोणाच्याच कागदावर नाहीत. त्यांचा शत्रू काळ नाही, भक्ती आणि निधी हे आहेत. दगडी देवळाला आमदार-खासदार निधीतून गुळगुळीत टाइल्स बसतात, वीरगळाला तैलरंग लागतो, ओट्यावर सभामंडप चढतो. गाव हे प्रेमाने करते, त्यामुळे रागावताही येत नाही. अशा ठिकाणी हौशी प्रवाशाने दोन पानी ललित लेख लिहिला तर पुढच्या पिढीसाठी तोच एकमेव कागद उरण्याची शक्यता असते. आणि तो कागद एकाच नजरेचा असला तर गावाची उरलेली अर्धी बाजू त्याच्याबरोबर जाते.

ब्रिटिशांचे गॅझेटिअर आपण कितीही वसाहतवादी ठरवले तरी त्यात आर्वीबद्दल एक नोंद आहे, तिचे आम्हाला नेहमी नवल वाटते. आर्वी तेलंगराव या संतपुरुषाने वसवली असे मानतात. हिंदू सांगत की तो ब्राह्मण होता, मुसलमान सांगत की तो मुसलमान होता, आणि दोघेही त्याच्या समाधीला मानत. गॅझेटिअरकाराने निवाडा दिला नाही. दोन्ही म्हणणी लागोपाठ लिहिली आणि पुढे कापसाच्या बाजाराकडे वळला. त्याला घाई असावी. परंतु त्याच्या घाईमुळे का होईना, गावातल्या दोन वस्त्या एकाच परिच्छेदात राहिल्या. आज त्या जागी एखादा उत्साही स्थानिक लेखक असता तर त्याने तेलंगरावाचे गोत्र तरी शोधून काढले असते किंवा शिजरा तरी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बी.ए.च्या विद्यार्थ्यांना जोड्यांनी एकेका गावी पाठवले. अट एवढीच की दोघांनी बरोबर जायचे, बरोबर चालायचे, आणि लिहिताना एकमेकांचे पाहायचे नाही. बहुतेक टिपणे जशी असायची तशी आली : निसर्गरम्य परिसर, गावकऱ्यांचे आदरातिथ्य, भुयार. एका जोडीतल्या दोघी मात्र एकाच गावच्या, पण वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या निघाल्या. त्यांनी आपल्याच गावाची पायविहीर पाहिली. पहिलीने पायऱ्या मोजल्या, मधल्या टप्प्यावरच्या कोनाड्यांचे वर्णन केले, लहानपणी उन्हाळ्यात तेथे किती गार वाटे ते लिहिले. चांगले लिहिले आहे. दुसरीने लिहिले की आपण या पायऱ्या आयुष्यात प्रथमच उतरलो. तिच्या आजीच्या तरुणपणी त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायांना काठावरच थांबावे लागे; कोणी तरी दया येऊन वरून ओतेल तेवढे पाणी मडक्यात घ्यायचे. पायऱ्या किती आहेत ते तिने लिहिलेले नाही. काठावर कोणत्या बाजूला उभे राहत, ती जागा मात्र तिने आखून दाखवली आहे. उत्तरेच्या बाजूला, जिथे आता हातपंप आहे तिथे.

दोन्ही कागद आम्ही एकाच फायलीत लावले आहेत. आधी कोणता लावायचा यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही, आणि फाईल सध्या त्या दोघींकडेच आहे.